'पाकिस्तानचं पाणी तोडलं' म्हणणाऱ्यांनी आधी नद्यांचा नकाशा पाहावा

पहलगामच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, २३ एप्रिल २०२५ ला, भारताने सिंधू जलकरार, म्हणजे सिंधू खोऱ्यातल्या नद्यांच्या पाणीवाटपाचा पाकिस्तानशी १९६० मध्ये झालेला करार, स्थगित केला. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: सिंधू खोऱ्याचं ८० टक्के पाणी आपण १९६० पासून पाकिस्तानला फुकट देत होतो, आता धरणांचे दरवाजे लावलेत, पाकिस्तान थेंबाथेंबाला मोताद होणार आणि ते सगळं पाणी लवकरच आपल्या शेतात येणार. हल्ल्याचा संताप मलाही आहे, आणि म्हणूनच या मजकुराची चीड येते. जे काम व्हायला अजून कित्येक वर्षं लागणार आहेत, ते झालंच असं तो लोकांना सांगतो.

सुरुवात दरवाजांपासून. चिनाबवरचे बगलिहार आणि सलाल, झेलमच्या खोऱ्यातले उरी आणि किशनगंगा हे सगळे वाहत्या पाण्यावर वीज काढणारे प्रकल्प आहेत. पाणी अडवायचं ते टर्बाइनला दाब मिळावा म्हणून, वीज निघाली की ते पुढे नदीतच जातं. बगलिहारची वीजक्षमता ९०० मेगावॅट आहे, पण तिथे रोजच्या गरजेप्रमाणे कमी-जास्त करता येईल असा साठा फक्त ३२.५६ दशलक्ष घनमीटर. पाकिस्तानच्या आक्षेपांवर निकाल देताना करारानुसार नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञाने २००७ मध्ये हाच आकडा ठरवून दिला. टीएमसीत (अब्ज घनफुटांत) मोजलं तर तो सव्वासुद्धा भरत नाही. आपली कोयना १०५ टीएमसीची आहे. पावसाळ्यात चिनाबला लाखभर क्यूसेक पाणी येणं नवीन नाही, आणि त्या वेगाने बगलिहारची ही जागा सव्वातीन तासांत भरते. त्यानंतर दरवाजे उघडावेच लागतात, नाहीतर धरण धोक्यात.

सलालची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. रियासीजवळचं हे धरण ६९० मेगावॅटचं. १९७८ मध्ये पाकिस्तानशी वेगळा करार झाला आणि त्यात धरणाच्या तळाशी गाळ काढण्यासाठी ठेवलेली दारं काँक्रीटने कायमची बुजवायचं आपण मान्य केलं. चिनाब हिमालयातून प्रचंड गाळ आणते. तो बाहेर पडायला वाट उरली नाही, आणि जलाशयाचा बहुतेक भाग गाळानेच भरून गेला. म्हणजे कागदावर धरण आहे, पण पाणी ठेवायला जागाच नाही. ज्याला खरोखर या प्रश्नाची कळकळ आहे त्याने आधी सलालच्या गाळाविषयी बोलावं.

"मग मे महिन्यात चिनाब आटली होती, त्याचे व्हिडिओ आले होते," असं सांगितलं जातं. ते खरं आहे. मे २०२५ च्या सुरुवातीला बगलिहार आणि सलाल रिकामी करून गाळ धुतला गेला. जलाशय पुन्हा भरत असताना खाली सियालकोटजवळच्या मराला बंधाऱ्यावर प्रवाह एकदम घटला. पण जलाशय भरले आणि पाणी पुन्हा वाहू लागलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिनाब, रावी आणि सतलज या तिन्ही नद्यांना पूर येऊन पाकिस्तानी पंजाबात हाहाकार उडाला. त्या पुराचा इशारा भारतानेच उच्चायुक्तालयामार्फत इस्लामाबादला दिला होता. पाणी तोडलं होतं, तर हा पूर कुठून आला?

सिंधू आणि झेलमचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. लडाखमध्ये सिंधूवर आपला निमू-बाजगो प्रकल्प आहे तो अवघा ४५ मेगावॅटचा. सिंधू फुगते ती पुढे, गिलगिट आणि हुंझा नद्यांच्या पाण्याने, आणि अटकजवळ अफगाणिस्तानातून येणारी काबूल नदी तिला मिळते. हा मुलूख आज आपल्या ताब्यात नाही, त्यामुळे तिथे आपला दरवाजाही नाही. झेलम काश्मीरच्या सपाट खोऱ्यातून वाहते. तिथे मोठा साठा करायचा म्हणजे पाणी श्रीनगरच्या उरावर घ्यायचं, आणि २०१४ चा पूर तिथले लोक विसरलेले नाहीत.

पाणी वळवण्याबद्दल थोडक्यात. चिनाब आणि पंजाबची शेतं यांच्यामध्ये डोंगर उभे आहेत. बोगदे, कालवे, साठवण असं सगळं नव्याने उभारावं लागेल. किशनगंगा हा ३३० मेगावॅटचा एकच प्रकल्प २००७ मध्ये सुरू होऊन २०१८ ला पुरा झाला.

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. खऱ्या अर्थाने नळ एकदाच बंद झाला होता, १ एप्रिल १९४८ ला. फाळणीत माधोपूर आणि फिरोजपूरची कालव्यांची मुखं आपल्याकडे आली आणि कालवे पलीकडे गेले. भारताकडच्या पूर्व पंजाबने मुखं बंद केली आणि पलीकडची शेतं कोरडी पडली. कालव्याच्या मुखाशी हे जमतं, डोंगरातल्या नदीवर जमत नाही. १९६० च्या करारात रावी, बियास आणि सतलज पूर्णपणे आपल्याला मिळाल्या आणि त्या बदल्यात पाकिस्तानला पर्यायी कालवे बांधता यावेत म्हणून आपण ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड दहा हप्त्यांत दिले. याच तीन नद्यांवर भाक्रा, पोंग आणि रणजित सागर उभे राहिले आणि इंदिरा गांधी कालव्याने पाणी जैसलमेरपर्यंत गेलं. पाकिस्तानच्या वाट्याला गेलेल्या सिंधू, झेलम आणि चिनाब या पश्चिमेच्या तीन नद्यांवरही कराराने आपल्याला ३.६ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे १५७ टीएमसी, साठवायची मुभा दिली होती. दीड कोयना! ती आपण जवळपास वापरलीच नाही. किश्तवाडमधला पाकल दुल हा त्या दिशेचा पहिला मोठा प्रकल्प, आणि त्याचं बांधकाम करार स्थगित झाला तेव्हाही सुरूच होतं. हे अपयश आपलं आहे, नेहरूंच्या सहीमागे ते लपत नाही.

मग स्थगितीने काहीच साधलं नाही का? साधलं, पण ते मेसेजमध्ये मावणारं नाही. करारानुसार चिनाबवरचे रिकामे केलेले जलाशय २१ जून ते ३१ ऑगस्ट याच काळात भरता येत होते. तो निर्बंध मानायचा नाही असं ठरलं, म्हणूनच मे महिन्यात गाळ धुता आला. खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर चार-सहा दिवस प्रवाह वरखाली झाला तरी पलीकडच्या शेतकऱ्याचं वेळापत्रक कोलमडतं. दबाव आहे तो इथे. नवे प्रकल्प आखताना पाकिस्तानच्या आक्षेपांसाठी थांबायची गरजही उरलेली नाही. वुलर सरोवराच्या मुखाशी झेलमवर तुलबुलचा बंधारा बांधायला आपण १९८४ मध्ये घेतला होता. पाकिस्तानच्या आक्षेपामुळे १९८७ मध्ये थांबलेलं ते काम आता पूर्ण करता येईल. मात्र त्यासाठी पैसा, यंत्रं आणि पुढची काही वर्षं द्यावी लागतील.