झाड वाकडं, फोटो तिरका

स्पेनच्या कॅनरी बेटांवर आलेली शहाणी माणसं टेनेरिफेच्या किनाऱ्यावर ऊन खात पडतात. आमच्या ह्यांना मात्र एल हिएरो बेटावरचं एक वाकडं झाड हवं होतं. बेट जेमतेम 270 चौरस किलोमीटरचं, सगळं लाव्हारसाचं. 2011 साली त्याच्या दक्षिणेला समुद्राच्या तळाशी उद्रेक झाला होता, ही माहिती मला बोट सुटल्यावर देण्यात आली.

झाडाचं नाव सबिना, जुनिपर या सूचिपर्णी झाडाच्या जातीचं. बेटाच्या पश्चिम टोकाला, ला देहेसाच्या गायरानातून कच्च्या रस्त्याने धुरळा खात गेलं की एल सबिनार, म्हणजे सबिनांचं रान लागतं. भूगोलात दोन मार्कांना असणारे ईशान्य व्यापारी वारे इथे खरोखरच येतात, आणि एकाच बाजूने येतात. झाडांनी उभं राहण्याचा नाद कधीच सोडलाय. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं झाड म्हणजे न्हाऊन केस झटकायला कमरेत वाकलेली बाईच. खोड राखाडी, पिळवटलेलं, उघडंबोडकं. शेंडा जमिनीला टेकलेला, आणि तरी हिरवागार.

पण या बाईला रूप एकाच अंगाने. वाऱ्याच्या बाजूने बघा, नुसता लाकडाचा पिळा. पलीकडून बघा, झुडूप. फोटो काढायचा तर कडेनेच. कडेची ती जागा एका जोडप्याने बळकावलेली. ते हलले तोवर ढग उतरला. ढग सरला तर ट्रायपॉड डुगडुगायला लागला.

"वजन हवं," असं म्हणत ह्यांनी माझी पर्स त्याच्या हुकाला अडकवलीसुद्धा. पासपोर्ट, बीपीच्या गोळ्या, भडंगाचा डबा, सगळं अधांतरी. तेही पुरेना, तेव्हा ट्रायपॉडचा एक पाय धरून मला उकिडवं बसवण्यात आलं. ओढणी तोंडावर, डोळ्यांत माती, आणि वरून हुकूम, "जरा सरक, तुझी सावली येतेय."

"अहो, झाड कुठे जात नाहीये. बोट जाणारे!"

याच बेटावर गारोए नावाचं एक पवित्र झाड होतं. धुक्याचं पाणी त्याच्या पानांवरून ठिबकायचं आणि त्यावर इथल्या मूळ रहिवाशांची तहान भागायची. ते 1610च्या वादळात उन्मळून पडलं. सबिना वाकल्या, त्या टिकल्या. ही तुलना ह्यांच्या कानावर घालायची फार इच्छा होती, पण तोंड उघडलं की धूळ आत जायची.

शेवटी कॅमेऱ्याच्या लेन्सवर इतकी माती बसली की, "तूच काढ मोबाइलवर," म्हणत हे झाडाशेजारी छाती काढून उभे राहिले. मी एका झटक्यात काढला आणि तिथूनच घरच्या ग्रुपवर टाकला.

मोठ्या नणंदबाईंचं लगेच आलं, "फोटो तिरका आलाय गं." पाठोपाठ भाच्याने, "मामी, दुरुस्त करून दिलाय." त्याने फोटो चांगला आडवा फिरवला होता. झाड कसं ताठ उभं, आणि शेजारी मामा जमिनीला समांतर.

नणंदबाई म्हणाल्या, "आता कसा छान आलाय!"