महापौर एका पक्षाचा, परिषद दुसऱ्याची

माझे मामा ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतात, मी न्यूझीलंडमध्ये डनिडनला. रविवारचा फोन हल्ली तिथल्या नगर निगमावरच, म्हणजे महापालिकेवरच, येऊन थांबतो. मामांचं म्हणणं ठाम आहे: "महापौर थेट जनतेनं निवडायचं हे खूळ बंद करा. पार्षदांनाच (नगरसेवकांनाच) निवडू दे. एका घरात दोन कारभारी झाले की चूल पेटत नाही."

त्यांचा राग समजतो. जुलै २०२२ मध्ये ग्वाल्हेरनं शोभा सिकरवार यांना महापौर केलं, तब्बल ५७ वर्षांनी काँग्रेसचा महापौर. त्याच मतदारांनी त्याच दिवशी ६६ पैकी ३४ वॉर्डांत भाजपचे पार्षद निवडले. महापौर आपल्या माणसांतून मेयर-इन-काउन्सिल, म्हणजे कारभार पाहणारी छोटी समिती, नेमतात, पण ठराव जातात सगळ्या पार्षदांच्या परिषदेपुढे आणि तिथं बहुमत समोरच्यांचं.

पण मामांचा उपाय मला पटत नाही. २०१९ मध्ये मध्य प्रदेशच्या कमलनाथ सरकारनं महापौर निवडायचा हक्क मतदारांकडून काढून पार्षदांना दिला होता, २०२२ मध्ये शिवराजसिंह सरकारनं तो परत केला. मधल्या काळात, २०२० च्या सुरुवातीला मुदत संपल्यावर अडीच वर्षं निवडून आलेला कुणीच नव्हता, प्रशासक होता. त्याची सल मला आजही आहे. माझ्या माहेरच्या गल्लीत त्या अडीच वर्षांत पाण्याची तक्रार न्यायची तरी कुणाकडे?

डनिडन लोकसंख्येनं ग्वाल्हेरच्या जेमतेम दशांश असेल. इथं तारीख कायद्यातच लिहिलेली आहे: दर तीन वर्षांनी, ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. नागरिकत्व लागत नाही. कायम वास्तव्याचा परवाना आणि देशात वर्षभराचा मुक्काम असला की मत देता येतं. मतपत्रिका टपालानं घरी येतात, सोबत पुस्तिका, त्यात प्रत्येक उमेदवाराचं जास्तीत जास्त दीडशे शब्दांचं निवेदन. मी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठवडाभर उघडी ठेवते. महापौर थेट निवडला जातो, चौदा नगरसेवक अख्ख्या शहरातून, आणि नावांपुढे पसंतीचे क्रम लिहायचे: १, २, ३. बहुतेक उमेदवार अपक्ष असतात. म्हणजे निवडून आलेल्या महापौराकडे तयार बहुमत कधीच नसतं. पंधरा जणांत त्याचं मत एक. प्रत्येक विषयाला नव्यानं माणसं जुळवावी लागतात.

हिवाळ्यात आमच्या चढावरच्या फुटपाथवर दंव गोठतं, म्हाताऱ्या शेजारणी घसरून पडतात. ते सांगायला मी एकदा परिषदेच्या बैठकीत गेले. सामान्य माणसाला तिथं काही मिनिटं बोलता येतं. आधीच्या विषयावर एकमेकांशी कडाडून भांडलेले दोन नगरसेवक माझ्या प्रश्नावर एकत्र झाले, कारण त्यांना वरून कुणी तसं नको म्हणून सांगितलेलं नव्हतं.

इथलं सगळं गोड आहे असं नाही. जेमतेम निम्मे लोक मतपत्रिका परत पाठवतात. शाळेबाहेरची रांग, बोटावरची शाई, मतदान करून आल्यावर आजीचा उजळलेला चेहरा, हे मला इथं फार आठवतं. त्या रांगेतल्या बाईचं महापौर निवडायचं मत काढून पार्षदांच्या हाती द्यावं, हे म्हणूनच सहन होत नाही.

मामा, दोन कारभारी असल्यानं चूल विझत नाही. आपल्याकडे पार्षदाचं तिकीट वरून येतं, म्हणून परिषदेत त्याचा हातही वरच्या सांगण्यावर उठतो. २०२७ मध्ये परिषदेची मुदत संपेल. तेव्हा दारावर येणाऱ्याला पक्ष विचारू नका. तिघरा धरणाचं पाणी, स्वर्णरेखा नाला, बजेट, या प्रत्येक ठरावावर हात वर केला की नाही ते विचारा, आणि का ते विचारा.

गेल्या रविवारी हे सगळं बोलले. मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुढची बैठक कधी आहे ते बघतो. परिषद भरते त्या जलविहारात जाऊन विचारतो, आम्हाला आत बसू देतात का."