‘मनावर ताबा असेल तर दारू सुटते’ हे खरं नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतो. दारूचं व्यसन हा आजार नाही, मनाचा दुबळेपणा आहे. ताबा असलेला माणूस आज ठरवून आज सोडतो. ‘मी दारूपुढे हतबल आहे’ ही जबाबदारी टाळायची पळवाट. आणि वर्षभर थांबून दाखवलं की मोजून थोडी दारू घ्यायला हरकत नाही. लोक तो चांगल्या मनानेच पुढे पाठवतात, पण घरात पिणारं माणूस असेल त्यांनी यावर विसंबू नये.

सगळ्यात घातक ते आधी घेते. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम, तीव्र थरथर सुरू होऊ शकते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. दारूच्या गुंगीला तोंड देत मेंदू सतत जोरात चालायला शिकलेला असतो. दारू थांबली तरी तो जोर ओसरत नाही. तिथे निर्धार कामाचा नाही. डॉक्टरांची देखरेख, औषधं आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) लागतं.

आता ताबा. व्यसनी माणूस ताबा ठेवत नाही, हे बघणाऱ्याला वाटतं. खरं तर त्याचा सगळा दिवस त्यातच जातो. सातच्या आत नाही. फक्त बिअर. क्वार्टरच्या वर नाही. पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ. श्रावण तर हटकून पाळायचा, आणि पाळला की तोच पुरावा: ‘बघा, महिनाभर राहिलो, मला कुठे व्यसन आहे?’ हा पुरावा त्याला पुढची कित्येक वर्षं पिऊ देतो. घरचेही त्यात ओढले जातात. बाटल्या मोरीत ओता, खिसे तपासा, ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून कळवा. पिणाऱ्यांच्या कुटुंबांसाठी १९५१ साली सुरू झालेली अल-अॅनॉन ही संघटना सांगते की ही दारू तुमच्यामुळे लागली नाही आणि तुम्हाला ती आवरताही येणार नाही. बायकोला हे पटायला फार जड जातं. ती हात सोडून देते असं नाही. पैसे सांभाळते, मार सहन करत नाही, फक्त त्याच्या पिण्याची राखण थांबवते.

‘हतबल’ या कबुलीला पळवाट म्हणणाऱ्याने ती कबुली जिथून आली त्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या पुढच्या पायऱ्या वाचलेल्या नसतात. दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी ही संघटना १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अॅक्रन गावी सुरू झाली ती एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून. दोघंही कर्तबगार, इच्छाशक्तीने दारू सुटत असती तर या दोघांची कधीच सुटली असती. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पहिली हतबलता मान्य करते, तर आठवी आणि नववी ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून शक्य तिथे भरपाई करायला लावते. जबाबदारी टाळणारा हे कशाला करेल? वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास तपासले गेले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या वाटेने नेणारे नियोजित कार्यक्रम इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले.

नम्रता इथे कामातून येते. पुण्याच्या १९८६ पासूनच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशन करणाऱ्यांत कित्येक जण एकेकाळी तिथेच रुग्ण म्हणून आलेले आहेत. साहेब असो की हमाल, गटात बसून सगळ्यांसमोर बोलायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. तल्लफ आली की फोन उचलून ‘मला आत्ता प्यावंसं वाटतंय’ म्हणायचं. आयुष्यभर ‘माझं मी बघतो’ म्हणणाऱ्या पुरुषासाठी हा फोन शपथेपेक्षा कितीतरी अवघड असतो, आणि मला तरी तो जास्त भरवशाचा वाटतो.

उरलं मोजून घेणं. व्यसनाच्या टोकाला न गेलेली काही माणसं पिणं कमी करू शकतात, हे खरं आहे. पण ज्याला गंभीर व्यसन जडलंय त्याला वर्षभराने एक पेग देणं म्हणजे जुनी ओढ पुन्हा जागी करणं. बहुतेकांचं पिणं थोड्याच काळात जुन्या मापावर जातं. तो पेग गुत्त्यावरचा सोबती देतो असंही नाही. लग्नात, हळदीत, जवळचाच कुणी म्हणतो, ‘आता सुटलीये ना, मग एकाने काय होतंय?’ तो आग्रह करू नका, आणि हा मजकूर पुढे पाठवू नका.