‘सर्जनला डोळे नाहीत का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया रोखठोक आहे, आवडली. तुमचा मुद्दा असा, की मुलांच्या मेंदूतली गाठ काढण्याच्या ऑपरेशननंतर काय बिघडेल हे एमआरआय बघून कॉम्प्युटरच सांगणार, तर सर्जनला डोळे नाहीत का? आणि ‘९० टक्के अचूक’ म्हणत आईवडिलांना आधीच घाबरवून काय साधणार?

आधी टक्क्यांचं बघू. मुलांच्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्यात मागच्या बाजूला असलेल्या सेरेबेलममध्ये, होणारा मेड्युलोब्लास्टोमा हा कॅन्सर घ्या. गाठ काढल्यावर मूल शुद्धीवर येतं, पाणी मागतं, आईला हाक मारतं आणि एक-दोन दिवसांत त्याचं बोलणंच बंद होतं. अंग सैल पडतं, किरकिर थांबत नाही. याला सेरेबेलर म्युटिझम म्हणतात. वाचा बहुतेकदा परत येते, पण आठवडे, कधी महिने जातात आणि बोलणं अडखळतच सुरू होतं. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ४५० पैकी १०७ मुलांना हे झालं, म्हणजे २४ टक्के. आता एखाद्या महाभागाने स्कॅन न उघडताच सरसकट ‘काही होणार नाही’ असं ठोकून दिलं, तरी तो ७६ टक्के अचूक! तेव्हा नुसत्या अचूकतेच्या आकड्यावर तुमचा विश्वास नाही, हे रास्तच आहे.

सर्जनला डोळे आहेतच. गाठ मधोमध आहे का, ब्रेनस्टेमपर्यंत (मेंदूला मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागापर्यंत) गेली आहे का, हे तो बघतोच. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी तर एमआरआयवरच्या अशा खुणांना गुण देण्याची पद्धतही मांडली आहे. जुने स्कॅन बघून शिकलेल्या कॉम्प्युटर प्रोग्रामने, म्हणजे मॉडेलने, त्याहून काही जास्त सांगितलं, तरच त्याचा उपयोग. लहान मेंदूतून वर जाणाऱ्या तंतूंच्या दोन्ही जुड्या गाठीने किती रेटल्या आहेत, याचं बारीक मोजमाप त्याला जमू शकतं.

घाबरवण्याबद्दल मात्र मी सहमत नाही. धोका कळला म्हणून ऑपरेशन टळत नाही, गाठ काढावीच लागते. पण कुणी काही बोललंच नसेल, तर तिसऱ्या दिवशी मुकं झालेलं लेकरू बघून आईवडिलांना वाटणार, डॉक्टरांनी घोळ घातला. आधी बोलणं झालं असेल, तर निदान स्पीच थेरपिस्टची भेट तरी घालून ठेवता येते.

टक्के मात्र त्यांच्या हातात इतक्यात देऊ नयेत. आजार दुर्मीळ, एकेका हॉस्पिटलकडे मोजकीच मुलं. एवढ्याशा स्कॅनवर शिकलेलं मॉडेल कधीकधी आजाराऐवजी त्या मशीनच्याच खोडी शिकतं. दुसऱ्या हॉस्पिटलच्या, दुसऱ्या स्कॅनरवरच्या मुलांवर ते टिकलं, तर पुढचं बोलू.