खुलासा : पाइप गॅसच्या गीझरलाही धुराडं लागतंच

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : 'पाइप गॅस हलका असतो आणि गळला तर वास येतो, म्हणून त्याच्या गीझरला धूर बाहेर नेणारा पाइप नको.' पहिली दोन वाक्यं खरी, निष्कर्ष साफ चुकीचा.

वास येतो तो गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा, आणि तो ज्वाळेत जळून जातो. हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. सिलिंडर असो वा पाइप, यात फरक नाही.

इमारतीच्या जुन्या डक्टमध्ये (हवेसाठीच्या उभ्या पोकळीत) धुराचा पाइप सोडणार असाल तर गीझर आणण्याआधीच तो डक्ट तपासा. पुण्यात कबुतरांचं घरटं निघालं नाही तरच नवल! गॅस जोडण्यापूर्वी, दारं-खिडक्या लावून धुराच्या पाइपच्या तोंडाशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. मग एक्झॉस्ट फॅन लावून पुन्हा बघा. धूर उलटा खोलीत आला, तर गीझरचा धूरही तसाच येईल. उदबत्तीने पास झालं तरी शेवटची तपासणी जाणकार तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, आणि शक्यतो गीझर बाथरूमबाहेर, मोकळ्या हवेत बसवा.