खुलासा : कॅन्ससमधली ती १०० मतं गायब झाली नव्हती

‘२०१८ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या गव्हर्नरपदासाठी रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) क्रिस कोबाक यांची १९१ मतांची आघाडी मतदानानंतर ९१ वर आणली, १०० मतं चोरली,’ असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

एकही मतपत्रिका हलली नव्हती. थॉमस काउंटीत (काउंटी म्हणजे राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) कोबाक यांचे प्रतिस्पर्धी जेफ कॉलियर यांना ५२२ मतं होती. राज्याच्या संकेतस्थळावर ४२२ चढली. चूक आकडा उतरवताना झाली आणि काउंटीच्या मूळ बेरजेशी ताडताच सापडली. कॉलियर यांची ती १०० मतं जमेस धरल्यावर कोबाक यांची आघाडी ९१ झाली. पडताळणी असते ती यासाठीच!

मतदानाच्या रात्रीचे आकडे अनधिकृत असतात. तेव्हाच्या नियमानुसार ७ ऑगस्टचा, म्हणजे मतदानाच्या दिवसाचा शिक्का असलेल्या आणि तीन दिवसांत पोचलेल्या टपाली मतपत्रिका नंतर बेरजेत धरल्या गेल्या. नाव-पत्ता जुळत नसेल तर मतपत्रिका वेगळ्या लिफाफ्यात राहते. ती मोजायची की नाही, हे काउंटीचं पडताळणी मंडळ ठरवतं. त्यामुळे फरक दोन्ही दिशांनी हलतो. इथे तो शेवटी वाढला : कोबाक ३४३ मतांनी जिंकले. कॉलियर यांनी १४ ऑगस्टलाच हार मान्य केली होती, फेरमोजणी मागितली नाही.