संसद रेडिओवर का नको?

आज दुपारी ऑफिसात डबा खाताना एकजण अगदी सहज म्हणाला, "रेडिओवर संसद? आता कोण ऐकतंय? यूट्यूबवर सगळं लाइव्ह असतं की." बाकीचे हसले. मी तिथे गप्प बसले, पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

कोण ऐकतंय? माझी आत्या ऐकते. निफाडजवळ तिचं शेत आहे. 2023 च्या डिसेंबरात केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, जिल्ह्यात लिलाव बंद पडले, तेव्हा मी तिच्याकडे होते. लाल कांदा निघत होता. बायका ओळीने बसून विळ्याने पात कापत होत्या. आत्याचे हात मातीने भरलेले, बांधावर रेडिओ. तिकडे दिल्लीत हिवाळी अधिवेशन चालू. तिने विचारलं, "आपल्या कांद्यावर काय बोलले गं?" मी मोबाइल काढला. रेंजची एकच काडी. व्हिडिओ काही उघडेना. आणि रेडिओवर गाणं लागलेलं!

ज्या सभागृहात तिच्या मालाच्या भावावर बोललं जातं, ते ऐकायला तिने आधी नेटपॅक मारायचा, हात धुवायचे, काम टाकून स्क्रीनकडे बघत बसायचं? का म्हणून?

न्यूझीलंडमध्ये 1936 पासून संसद रेडिओवर आहे, ऑस्ट्रेलियात 1946 पासून. ब्रिटनला 1978 उजाडलं, पण त्यांनीही केलं. आपल्याकडे 1994 च्या डिसेंबरात प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनसोबत आकाशवाणीवर आला. पुढे सगळा जोर टीव्हीवरच गेला. 2006 ला लोकसभेची वाहिनी, 2011 ला राज्यसभेची, 2021 ला दोन्ही मिळून संसद टीव्ही. शेतात टीव्ही कोण घेऊन जातं? खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायलाच परवानगी नाही, म्हणजे हे काम आकाशवाणीनेच करायचं. आकाशवाणीवर रात्री दिवसभराच्या संसदेचा आढावा असतो, ठीक आहे. पण आढावा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी निवडून दिलेलं. आपल्या खासदाराने तोंड उघडलं की नाही, मंत्र्याने सरळ उत्तर दिलं की टोलवलं, हे आवाजातच कळतं.

निम्मा वेळ नुसता गोंधळ असतो, हे मान्य. तोही ऐकू द्या लोकांना.

भाषेची अडचण म्हणाल, तर लोकसभेत मराठीत भाषांतर करणारे आधीच बसलेले आहेत. खासदारांच्या कानात तो आवाज जातोच. तोच आत्याच्या रेडिओवर सोडायला असं काय आभाळ कोसळणार आहे?

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तो सहकारी माणूस वाईट नाही. शहरात वाढलाय, वायफाय गेलं की दहा मिनिटांत परत येतं एवढंच त्याला माहीत. पण आत्याने तो प्रश्न विचारला तेव्हा माझ्याकडे सांगायला काही नव्हतं, आणि ती "बरं" म्हणून पुन्हा पात कापायला लागली. तिचं ते "बरं" अजून खटकतं.

पूर्ण दिवस नको. अधिवेशन असेल तेव्हा नाशिक आकाशवाणीवर, 101.4 वर, सकाळी 11 ते 12 लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास मराठीत द्या. सुरुवात एवढ्यापासून करा. मी आपल्या खासदारांना आजच मेल करतेय. मसुदा पहिल्या कमेंटमध्ये टाकते. पटत असेल त्यांनी आपल्या गावाचं नाव घालून पाठवा.